आधी षड्ज कुणाचा ते ठरवा
(कोकणात गायनशिक्षकांचा संघ काढू पाहणाऱ्यांना खुले पत्र)

प्रति,
रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील गायनशिक्षक, शिक्षिका आणि भजनी बुवा

सप्रेम नमस्कार.

गाणे शिकवणाऱ्यांचा संघ काढायचा म्हटला की पहिल्या बैठकीत काय होते ते सगळ्यांना ठाऊक आहे. नाव ठरते, बोधचिन्ह ठरते, अध्यक्षपदावरून चहा गार होतो आणि दुसऱ्या बैठकीपर्यंत महोत्सवाची तारीख निघते. महोत्सवांशी आमचे वाकडे नाही. पण ते करायला गावोगाव मंडळे आहेत, सत्कार करायला तर त्याहून जास्त. क्लासात समोर बसलेल्या पोराचा गळा आपल्या शिकवण्याने बिघडणार नाही, ही जबाबदारी मात्र आजवर कुणी अंगावर घेतलेली नाही. संघ काढायचा असेल तर तो यासाठी काढावा आणि सुरुवात अगदी साध्या ठिकाणाहून करावी: शिष्याच्या षड्जापासून, म्हणजे त्याचा 'सा' ज्या पट्टीवर धरायचा तिच्यापासून.

बहुतेक क्लासांत पेटी एक, मुले दहा-बारा, मुलगे-मुली एकत्र. शिक्षक स्वतःला सोयीची पट्टी धरतात. बाई शिकवत असतील तर काळी चार किंवा पाच (म्हणजे पेटीच्या सप्तकातली चौथी किंवा पाचवी काळी पट्टी), बुवा असतील तर काळी एक किंवा दोन. उरलेल्यांनी जुळवून घ्यायचे. ज्याला जुळत नाही तो वरच्या सुरांना हनुवटी उचलतो, मानेच्या शिरा तट्ट फुगतात, खालचे सूर नुसती हवा होऊन जातात. आणि शेरा काय मिळतो? "सूर कच्चा आहे." सूर कच्चा नसतो, पट्टी त्याची नसते.

षड्ज शोधायला दहा मिनिटे लागतात. शिष्याला 'आ'कारात, मध्यम आवाजात, हळूहळू खाली न्या. जो सर्वांत खालचा सूर घरघर न होता, हवा न गळता चार सेकंद स्थिर राहतो तो मंद्र पंचम, म्हणजे खालच्या सप्तकातला 'प', धरा. पेटीवर त्या पट्टीपासून काळ्या-पांढऱ्या सगळ्या धरून वर पाचवी पट्टी मोजा, तो षड्ज. उदाहरणार्थ, मुलीचा खालचा स्पष्ट सूर काळी दोन असेल तर षड्ज काळी चार. पांढरी चार असेल तर काळी पाच. मग वरून तपासा: या षड्जावर तार गंधार (वरच्या सप्तकातला 'ग') हळू आवाजात, चेहरा न ताणता लागला पाहिजे. लागत नसेल तर एक पट्टी उतरा आणि मंद्र पंचमाचा हट्ट सध्या सोडून द्या. हे तीन वेगवेगळ्या दिवशी करावे, आणि सकाळी उठल्या उठल्या करू नये, कारण झोपेतून उठल्यावर आवाज खालीच असतो आणि षड्ज चुकून उतरता निघतो.

त्याआधी पेटी तपासलेली असू द्या. आपल्याकडे चार महिने पावसाची ओल आणि बारा महिने खारी हवा. रीडवर गंज चढतो, सूर उतरतो, आणि काळी एक म्हणून ज्यावर वर्षानुवर्षे गातो ती भलतीच निघते. फोनवरच्या ट्यूनरला पांढरी सहा ४४० हर्ट्झला (किंवा त्याच्या निम्म्यावर, २२० ला) येते का ते महिन्यातून एकदा पाहा. पावसाळ्यात पेटी वापरात नसेल तेव्हा खोक्यात बंद करून न ठेवता कोरड्या, वारा खेळत्या खोलीत ठेवावी.

एका पानाची नोंद प्रत्येक शिष्यामागे असावी, असे आमचे पहिले म्हणणे आहे. तारीख, षड्ज, खालचा आणि वरचा सूर, आवाज बसल्याच्या तक्रारी, एवढेच. दर तीन महिन्यांनी भरायची. संघाने सभासदाकडे मागायचा कागद हाच. शिक्षकाच्या प्रमाणपत्रांची चळत नंतर पाहू.

ही नोंद सर्वांत जास्त उपयोगी पडते ती कंठ फुटण्याच्या वयात. साधारण बारा ते पंधरा या वर्षांत मुलाचे स्वरयंत्र भराभर वाढते आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खाली येतो. मुलींचाही उतरतो, पण दोन-तीन पट्ट्यांनी, त्यामुळे ध्यानात येत नाही. या काळात दोन चुका सर्रास होतात. एक, "आता वर्षभर गाऊ नकोस" म्हणून पोराला घरी बसवणे. तो बहुधा परत येत नाही. दुसरी जास्त वाईट: शालेय स्पर्धेत गेल्या वर्षी बक्षीस मिळाले म्हणून तेच गाणे त्याच पट्टीत यंदाही म्हणायला लावणे. करायचे ते असे, की जेवढे पाच-सहा सूर आज विनासायास लागतात तेवढ्यातच अलंकार आणि सरगम ठेवायची, दर दोन-तीन आठवड्यांनी षड्ज नव्याने पाहायचा आणि आवाज मध्येच चिरकला तर हसायचे नाही. वर्गाने हसायचे नाही हे शिक्षकाने आधीच बजावून ठेवायचे.

आता थोडे भजनाकडे. संघाची घटना लिहिताना पहिला वाद इथेच होणार हे आम्ही धरून चाललो आहोत.

कोकणात गळे तयार होतात ते क्लासांपेक्षा देवळात, गणपतीच्या आरतीत, डबलबारीच्या (दोन भजनी बुवांच्या सामन्याच्या) कोरसात, नमन-खेळ्यांत, दशावतारात. सभासदत्वाला 'विशारद उत्तीर्ण' ही एकच अट घातलीत तर या सगळ्यांना शिकवणारी माणसे बाहेर राहतील आणि संघ तालुक्याच्या ठिकाणच्या वीस-पंचवीस क्लासवाल्यांचा होईल. १९३१ साली स्थापन झालेले अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ परीक्षा घेत आले आहे, आणि प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या त्या पायऱ्यांनी आडगावातल्या मुलांनाही शास्त्राची वाट दाखवली, हे ऋण मोठे आहे. पण विशारद ही गाता येण्याची आणि शास्त्र कळण्याची परीक्षा आहे. दुसऱ्याच्या गळ्यातून काढून घेण्याची विद्या वेगळी, ती तिथे मोजली जात नाही. म्हणून दोन दारे ठेवा: एक पदवीचे, दुसरे किमान पाच वर्षे शिकवल्याचे. आणि दोन्ही दारांतून येणाऱ्याला एकच कसोटी, ती म्हणजे पाठ. समोर अनोळखी नवशिका शिष्य, वेळ चाळीस मिनिटे, पाहायला दोन सभासद, तेही दुसऱ्या तालुक्यांतले. देवगडच्याला चिपळूणने पाहावे, म्हणजे भिडेचा प्रश्न राहत नाही.

पाहायचे काय? शिक्षकाने षड्ज शोधला की स्वतःचा लादला. शिष्याला किती वेळ गाऊ दिले आणि स्वतः किती वेळ गाऊन दाखवले. आणि दुरुस्ती करताना कोणते शब्द वापरले. शेवटची गोष्ट किरकोळ वाटते, पण घोटाळे तिथेच होतात. "पोटातून गा" हे घ्या. ऐकल्यावर मूल पोट आत खेचून दगडासारखे करते, श्वास छातीत वर चढतो, खांदे उचलले जातात आणि सगळा दाब गळ्यावर येतो. आवाज पोटातून निघत नाही; पोट आणि बरगड्या फक्त हवा किती सोडायची ते सांभाळतात. तेव्हा हात बरगड्यांच्या खालच्या कडेला ठेवायला सांगा, श्वास घेताना हात बाहेर सरकले पाहिजेत, सूर धरल्यावर ते एकदम आत पडता कामा नयेत. "स्" असा बारीक आवाज करत हवा सोडून हे आधी सुराशिवाय जमवा. दहा-बारा सेकंद एकसारखा "स्" आला की मग सूर.

"जोर लाव" हा दुसरा शब्द. भजनी मंडळांत तो फारच चालतो. बारीत समोरच्या बुवापेक्षा वरची पट्टी धरण्याची चढाओढ असते, आणि पखवाज, चकवा, झांजा यांच्या गदारोळात आपला आवाज आपल्याला ऐकू येत नाही म्हणून गाणारा आणखी ओरडतो. काळी एकच्या षड्जाला पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला सुमारे १३९ वेळा एकमेकांवर आपटतात. पट्टी काळी तीन केली की षड्जालाच १८५, तार षड्जाला ३७०, तार पंचमाला ५५४. म्हणजे गजरात तार षड्ज धरून ठेवला तर एका मिनिटात बावीस हजारांवर टाळ्या, आणि त्याही जोराच्या. पुरुषाच्या स्वरतंतूची लांबी दोन सेंटीमीटरच्या आसपास, बाईची त्याहून कमी. टाळी ज्या ठिकाणी सर्वांत जोरात बसते, म्हणजे पुढून साधारण एक तृतीयांशावर, तिथेच कालांतराने दोन्ही बाजूंना गाठी येतात. गाठी आल्या की हळू आवाजात वरचे सूर लागेनासे होतात. मोठ्याने लागतात, म्हणून गाणारा आणखी मोठ्याने गातो. हा फेरा ओळखण्याची सोपी खूण अशी: पाळण्यातल्या मुलाला निजवताना म्हणावे तितक्या हळू आवाजात तार षड्ज लावून पाहायचा. कालपर्यंत लागत होता आणि आज नुसती हवा येते, तर त्या दिवशी बारी नको.

बुवांना पट्टी उतरवा म्हणून सांगणे अवघड आहे, हे आम्हाला कळते. श्रोते पट्टीवरून बुवा जोखतात. पण गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू येईल असा एक छोटा स्पीकर त्याच्या दिशेने लावणे, दोन तास आधी घोट घोट पाणी पिणे, कोरसाला निम्मा भार देणे आणि तालमी पूर्ण आवाजात न करता खालच्या पट्टीत करणे यात मानापमानाचे काही नाही. गणपतीच्या दिवसांत घरोघर भजने असतात तेव्हा तालमीचा आवाज वाचवला तर तोच शेवटच्या रात्री उपयोगी येतो.

आवाज बसल्यावर काय करायचे, याबाबत आपल्यात भलभलत्या समजुती आहेत, आणि त्या शिक्षकच पसरवतात. ज्येष्ठमध, खडीसाखर, लवंग, मध, हळद-मिठाच्या गुळण्या यांपैकी काहीही स्वरतंतूंपर्यंत पोचत नाही. गिळलेली वस्तू अन्ननलिकेत जाते. श्वासनलिकेत गेली तर ठसका लागतो. घशाला बरे वाटते ते खरे, पण तो घसा, स्वरयंत्र नव्हे. ज्येष्ठमध रोज आणि भरपूर चघळल्याने रक्तदाबही वाढतो. स्वरतंतूंवर थेट पोचते ती वाफ. तीही साध्या पाण्याची, पाच-दहा मिनिटे. बाम किंवा कापूर टाकला की उलट कोरड पडते. घसा बधिर करणाऱ्या गोळ्या चघळून गायला बसणे सर्वांत धोक्याचे, कारण दुखणे हीच शरीराची सूचना असते आणि तीच आपण बंद करतो. आणि कुजबुजणे म्हणजे आवाजाला विश्रांती नव्हे. बोलायचे नसेल तर पाटीवर लिहा.

मशेरी, तंबाखू, विडी यांवर काय लिहायचे! उशिराच्या जेवणावर मात्र लिहायला हवे. भजन संपल्यावर रात्री दीडला तिखट रस्सा-भात आणि लगेच आडवे होणे, हा प्रकार महिनाभर चालला की आम्लपित्त वर चढून स्वरयंत्राच्या मागच्या भागाला सूज आणते. सकाळी घसा खाकरत राहावा लागतो, गळ्यात काही अडकल्यासारखे वाटते, आवाज तापायला तास लागतो. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास गेले पाहिजेत. ते शक्य नसेल तर गाण्याआधी पोटभर आणि नंतर पेजेवर भागवावे.

यावर एक नियम संघाने लेखी करावा. सर्दी-खोकला नसताना किंवा तो जाऊनही आवाज तीन आठवड्यांपलीकडे बसलेला राहिला तर सभासद शिक्षक त्या शिष्याला शिकवणार नाही. कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीने स्वरतंतू पाहून आल्यावरच पुढचा पाठ. गाता गाता आवाज एकदम गेला, काचेसारखा तुटला, तर तीन आठवडे सोडाच, त्याच दिवशी गाणे बंद, कारण स्वरतंतूत रक्त उतरलेले असू शकते आणि त्यावर गायल्यास कायमचा व्रण राहतो. नुसते टॉर्च लावून "घसा लाल आहे" म्हणणारी तपासणी पुरत नाही, हेही शिष्याला सांगून पाठवा. दोन्ही जिल्ह्यांत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. १६ एप्रिलला जागतिक आवाज दिन असतो. त्या दिवशी तिथल्या विभागाशी बोलून बुवा आणि शिक्षकांची तपासणी ठेवता येईल. यात कमीपणा कसला? जिवंत माणसाचे स्वरतंतू गाताना पद्धतशीरपणे पाहिले ते १८५४ साली मान्युएल गार्सिया यांनी, दंतवैद्याच्या आरशातून, आणि ते पेशाने गायनशिक्षक होते.

रोजच्या तयारीसाठी एक गोष्ट प्रत्येक क्लासात सुरू करता येते. शहाळ्यासोबत मिळते तशी जाड नळी घ्या. पेल्यात अर्धे पाणी. नळीचे टोक पाण्यात दोन-तीन सेंटीमीटर बुडवा, ओठ घट्ट मिटा आणि नळीतून 'ऊ' गुणगुणा. आधी मध्य सप्तकातला एक सूर, मग सा ते प सरकत वर आणि खाली, असे तीन ते पाच मिनिटे. नळीमुळे हवेला मागून थोडा दाब मिळतो आणि स्वरतंतू कमी जोराने आपटूनही आवाज मोकळा निघतो. बुडबुडे एकसारखे आले पाहिजेत. ते थांबून थांबून येत असतील तर श्वास तुटतो आहे. बुडबुडे आहेत पण सूर नाही, तर नुसती फुंकर चालली आहे. नाक चिमटीत धरल्यावर सूर बंद पडला तर आवाज नाकातून जात होता. नळी फार खोल बुडवली तर गाल फुगतात आणि गळा आवळतो. खर्ज साधनेआधी, म्हणजे खालच्या सुरांच्या रियाजाआधी, हे केले तर खर्जात गळा खाली दाबण्याची खोड लागत नाही. खर्जाच्या नावाखाली हनुवटी छातीला टेकवून घरघरणारी मुले पाहिली की आम्हाला त्या मुलांपेक्षा त्यांच्या शिक्षकांची काळजी वाटते.

उरले व्यवहाराचे. गाणे शिकवायला परवाना आपल्याकडे लागत नाही; अमेरिकेत आणि ब्रिटनमध्येही लागत नाही. तिथल्या गायनशिक्षकांच्या संघटना अनुक्रमे १९४४ आणि १९७५ सालच्या, सभासदत्व ऐच्छिक. त्यांचा धाक काय तो आचारसंहितेचा. अमेरिकेतल्या संहितेत दुसऱ्याचे विद्यार्थी फूस लावून ओढू नयेत, असे स्पष्ट आहे. आपल्याकडे त्याला उलटी बाजूही जोडावी लागेल: जाणाऱ्याला अडवू नये. गुरू बदलला म्हणून परीक्षेचा फॉर्म दाबून ठेवणे, जुनी प्रमाणपत्रे न देणे, गावात बदनामी करणे हे प्रकार बंद व्हायचे तर घटनेत कलम हवे. थकलेली फी दिली की शिष्य मोकळा, आणि त्याच्या नोंदीचे पान त्याच्या हातात.

फी किती घ्यावी यात संघाने पडू नये. पण महिन्याचे पाठ किती, पावसाने रस्ता बंद झाला, एसटी आली नाही तर पाठ बुडतो की भरून मिळतो, गणपतीच्या सुट्टीची फी धरायची का, हे छापील असावे आणि पावती असावी. लहान मुलांचे एकेकटे पाठ दार उघडे ठेवून, घरचे कुणी दिसतील अशा खोलीत. अठरा वर्षांखालच्या मुलाशी लैंगिक गैरवर्तन झाल्याचे कळले तर २०१२ च्या पॉक्सो (बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक) कायद्यानुसार ते पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. "आपसात मिटवू" म्हणायचा अधिकार संघाच्या कार्यकारिणीला नाही. हे वाक्य घटनेत जसेच्या तसे घ्या. १०९८ हा मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा क्रमांक प्रत्येक क्लासच्या भिंतीवर लागावा.

नोंदणीला सात सभासद पुरतात. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली, दोन्हीकडे नोंद होते, आणि त्यासाठी जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात जावे लागते. संस्था मोडतात त्या इथे नाही, तर नंतर. कार्यकारिणी बदलल्यावर ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो; तो कुणी देत नाही. मग कागदावर जुनेच विश्वस्त राहतात, बँक सह्या बदलून देत नाही आणि दोन गट एकमेकांवर हरकती घेत बसतात. सचिव निवडताना चांगला गाणारा निवडू नका. तारखा लक्षात ठेवणारा निवडा. हिशेबाचे लेखापरीक्षणही दरवर्षी वेळेत झाले पाहिजे.

पहिली बैठक गणपती आणि नवरात्र यांच्या मधल्या पंधरवड्यात ठेवावी, असे आम्ही सुचवतो. तेव्हा निम्म्या बुवांचे आवाज बसलेले असतात, त्यामुळे भाषणे आपोआप आखूड होतील. येताना प्रत्येकाने आपल्या तीन शिष्यांची नोंद करून आणावी: षड्ज, खालचा सूर, वरचा सूर. आणि एक शहाळ्याची नळी.

आपले,
गायनशिक्षण आणि आवाजाची निगा यांत काम करणारे काही जण